नळदुर्गचा पाणी महाल: बसून बघायची जागा

सोनपावली

परवाच्या रविवारी आई-बाबांना घेऊन नळदुर्गला जाऊन आले. सोलापूरपासून पन्नासेक किलोमीटर, हैदराबाद रोडने तास-सव्वा तास. या धाग्यावरच्या बऱ्याच सोलापूरकरांनी किल्ला पाहिलेला असणार, म्हणून बुरुजांची यादी देत बसत नाही. मला लिहायचंय ते पाणी महालाबद्दल. नळदुर्ग म्हटलं की आपण किल्ला म्हणतो, धबधबा म्हणतो. तिथे एक घर आहे हे आपल्या लक्षातच राहत नाही. धरणाच्या भिंतीच्या पोटात बांधलेलं, खिडकीशी बसून बाहेर पडणारं पाणी बघण्यासाठी बांधलेलं घर. त्या घरात आपण किती वेळ बसतो? मी याआधी तीनदा गेले होते. तिन्ही वेळा मिळून दहा मिनिटंसुद्धा बसले नसेन.

या वेळी बसले ते बाबांमुळे.

बाबा 74 वर्षांचे आहेत. एकतीस वर्षं मिलच्या साळखात्यात, म्हणजे विणकामाच्या विभागात काढली. मागांच्या खडखडाटाने दोन्ही कान हळूहळू गेले. मशीन आहे, पण गर्दीत ते काढून खिशात ठेवतात. बहात्तरचा दुष्काळ त्यांनी ऐन तारुण्यात पाहिला. पुढच्या वर्षी पाऊस झाला तेव्हा खात्यातले सहा जण रात्रपाळी संपवून थेट सायकलींवर नळदुर्गला गेले होते. का, तर वाहतं पाणी बघायला. दीड वर्ष कुणी नीट वाहतं पाणी पाहिलं नव्हतं, असं ते सांगतात. ही गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकतोय. यंदा ऑगस्टच्या शेवटी बातमी आली की वरचं बोरी धरण भरलं, सांडवा सुटला आणि किल्ल्यातल्या बंधाऱ्यावरचे नर-मादी हे दोन धबधबे वाहायला लागले. बाबांनी पेपर घडी करून माझ्यापुढे ठेवला. बोलले काहीच नाहीत.

सकाळी साडेसहाला निघालो. आईने आदल्या रात्रीच धपाटे करून ठेवले होते. बरोबर दही, शेंगाचटणी, कांदा आणि कडक भाकरीची चवड. बोरामणीच्या माळावर ऊन चढायच्या आत पोचलो. गवत गुडघ्याएवढं वाढलंय. तिथे पाच मिनिटं थांबून चहा घेतला. आठच्या सुमारास किल्ल्याच्या दारात होतो. रविवारी दहानंतर तिथे पाय ठेवायला जागा नसते. कुणी जाणार असाल तर ही वेळ धरा.

आईचे गुडघे दुखतात. सगळं आयुष्य मांडी घालून विड्या वळल्यात तिने. तिला दारातच बसवून आम्ही दोघंच आत जाऊ असं ठरवून निघालो होतो. पण आता आत फिरायला गाडी मिळते आणि वाट सपाट केलेली आहे. आई थेट बंधाऱ्यापर्यंत आली. पंधरा वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा गेले तेव्हा याच वाटेवर बाभळी होत्या आणि काट्यांनी माझी ओढणी फाटली होती. आता दोन्ही बाजूंना हिरवळ आहे, फुलझाडांचे वाफे आहेत. आई म्हणाली, कुणीतरी अंगण सारवून ठेवल्यासारखं वाटतंय.

बंधाऱ्यावरून महालात उतरायला अरुंद पायऱ्या आहेत. दगड ओला असतो. आई वरच थांबली. मी बाबांचा हात धरून उतरले. खाली गेलं की आधी गारवा जाणवतो, मग डोळे सरावतात. समोरच्या उघड्या कमानीतून पाण्याचा पडदा दिसतो. पाणी डोक्यावरून बाहेर झेपावतं आणि आपण मागे कोरडे उभे. आत दहा-बारा पोरं होती. मोबाइल वर धरून त्यांची आरडाओरड चालली होती. पाच मिनिटांत ती वर गेली. दुसरा घोळका आला, तोही गेला. बाबा भिंतीला टेकून खालीच बसले, म्हणून मीही बसले.

थोड्या वेळाने बघते तर त्यांनी तळहात भिंतीला लावून ठेवला होता. मी विचारलं, काय? त्यांनी माझा हात धरून तिथे ठेवला. भिंत थरथरत होती. अगदी बारीक, पण सतत. पाण्याचा आवाज त्यांना ऐकू येत नव्हता, दगडातून येत होता. म्हणाले, "खात्यात अशीच जमीन हलायची. पायातून कळायचं कुठला माग बंद पडला ते."

पाऊण तास बसलो. हळूहळू एकेक गोष्ट दिसायला लागली. उभं राहून घाईत जे कधीच दिसलं नव्हतं ते दिसलं. कमानीजवळचा ओटा बसण्याच्या उंचीचा आहे. बसल्यावर नजर बरोबर पडत्या धारेच्या मध्यावर येते. उभ्याने बघितलं तर वरची कड आड येते. ज्याने ही जागा आखली त्याने माणूस बसणार हे धरूनच आखली. उजेड पाण्यातून गाळून आत येतो आणि छतावर हलत राहतो. मला तर वाटतं, छत कोरं ठेवलंय ते त्यासाठीच. माझा अंदाज आहे हा, जाणकारांनी सांगावं.

वर आलो तर आईने हिरवळीच्या कडेला लिंबाखाली चादर अंथरून धपाटे मांडले होते. तिथेही तास गेला. उपळी बुरुजावर मी एकटीच चढून आले. हत्ती तोफ आणि मगर तोफ अजून तिथेच आहेत. वरून रणमंडळ हा पलीकडचा जोडकिल्ला, नदीचं वळण आणि आई-बाबांची चादर एवढीशी दिसत होती.

तर सांगायचं एवढंच की जाल तेव्हा महालात बसा. आणि इतिहासाची, बांधकामाची माहिती असलेल्यांनी भर घाला. धरणाच्या पोटात राहायची जागा करायची हे कुणाला सुचलं असेल आणि ते इतकी वर्षं टिकलं कसं, हे मला खरंच समजून घ्यायचंय.

पूर्वभाग

एकच नंबर लिहिलाव ताई. आम्ही पोरं दरवर्षी जातोय की. पण जाऊन काय करालोत, रील काढालोत आणि परत. भिंतीला हात कधीच लावला नाही. पुढच्या रविवारी आठला दारात असतोय बघा. माझा आज्जाबी मिलमधेच होता. त्याला न्यायचं राहून गेलं.

निशिगंध

वाचताना डोळे भरून आले. मी मूळची सोलापूरची, आता पुण्यात. माझ्या वडिलांचेही कान असेच गेले. घरात टीव्हीचा आवाज मोठा म्हणून आम्ही लहानपणी चिडायचो. आज त्याचं वाईट वाटतं.

एक विचारायचंय. मुलं सहा आणि नऊ वर्षांची आहेत. पायऱ्या त्यांना जमतील का? आणि पाणी साधारण कधीपर्यंत असतं?

बोरीकाठ

मी नळदुर्गचाच. गावाबद्दल कुणी एवढं मनापासून लिहिलं की बरं वाटतं.

निशिगंधताई, पायऱ्या जमतील, मात्र दोघांचे हात दोन मोठ्यांनी धरावेत. शेवाळ असतं, म्हणून चपला नकोत, पकड असलेले बूट घाला. पाणी फार जोरात असेल तर महालात उतरू देत नाहीत. तिथल्या माणसाशी वाद घालू नका, तो तुमच्याच भल्यासाठी सांगत असतो. नर-मादी सगळंच वरच्या पावसावर आणि बोरी धरणाच्या सांडव्यावर. चांगलं वर्ष असेल तर ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत मिळतं. काही वर्षं एक थेंबही येत नाही. तेव्हा फोटो बघून निघू नका, आधी गावात कुणालातरी फोन करा.

आणखी एक. पावसाळ्यात येणारे खंडोबाला जायचं म्हणतात आणि मंदिरात मूर्ती नाही म्हणून गोंधळतात. आमचा आणि अणदूरचा खंडोबा एकच. मूर्ती सव्वादहा महिने अणदूरला आणि पावणेदोन महिने आमच्याकडे मैलारपूरला. पौष पौर्णिमेची यात्रा इथे भरते. त्यामुळे नर-मादीच्या दिवसांत देव अणदूरला असतो. हायवेवरच आहे, वाट वाकडी करावी लागत नाही.

जुनी वही

सोनपावली, कुणाला सुचलं या प्रश्नाचं थोडं उत्तर तिथेच दगडावर आहे. महालात फारसी शिलालेख आहे. बांधकाम 1613 सालचं, इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळातलं, आणि बांधणाऱ्याचं नाव मीर महंमद इमादीन असं सांगतात. लेखाचा आशय असा की या महालावर नजर पडली की मित्राचे डोळे उजळतील आणि शत्रूच्या डोळ्यांपुढे अंधार येईल. मला त्यात मित्र आधी येतो हे फार आवडतं. किल्ल्यावरचा लेख आहे तो.

हा इब्राहिम 1580 ते 1627 गादीवर होता. गाण्याचा वेडा. स्वतः पदं रचायचा, सरस्वती आणि गणपतीवरही. लोक त्याला जगद्गुरू म्हणत. अशा माणसाने पाणी ऐकायला घर बांधून घेतलं यात मला आश्चर्य वाटत नाही.

आदिलशाहीत पाण्याजवळ बसायची ही आवड एकट्या नळदुर्गात दिसते असं नाही. विजापूरजवळ कुमटगीला जाऊन या. तलावात उभा केलेला दुमजली मंडप आहे. भिंतींतून नळ खेळवलेत, वरून पाण्याच्या धारा पडतील अशी सोय केलेली. शेजारच्या इमारतीत भिंतीवर चित्रं आहेत, बरीच पुसट झालीत. ती निव्वळ आरामाची जागा. नळदुर्गचं वेगळेपण हे की इथे आराम आणि लढाई एकाच भिंतीत बसवलीय. बंधाऱ्याने पाणी अडलं की किल्ल्याभोवतीचा खंदक भरलेला राहतो. म्हणजे शत्रूला रोखणारी भिंत आणि राजाची बैठक एकच. असं दुसरीकडे मी तरी पाहिलेलं नाही.

दगडचुना

मी बांधकामात आहे, जुन्या वाड्यांची दुरुस्ती करतो. टिकलं कसं याबद्दल मला जेवढं कळतं तेवढं सांगतो.

एक, जागा. बंधारा किल्ला आणि रणमंडळ यांच्यामध्ये आहे. दोन्हीकडे काळा पाषाण, खालीही तोच. भिंत दोन्ही अंगांनी खडकात रुतवली की पाण्याचा रेटा एकट्या भिंतीवर येत नाही.

दोन, सांडवे. बंधारा फुटतो तो बहुतेक वेळा पाणी नको तिथून वाहिल्याने. पाणी भिंतीवरून बेशिस्त वाहायला लागलं की पायथा खणून काढतं. इथे पुराच्या पाण्याला दोन ठरावीक वाटा दिल्यात, नर आणि मादी. पाणी तिथूनच जातं, आणि जाताना भिंतीपासून दूर फेकलं जातं. तुम्ही महालात कोरडे बसता याचं कारण हेच. जी युक्ती भिंत वाचवते तीच तुम्हाला पडदा दाखवते. सौंदर्य वेगळं आणि सुरक्षा वेगळी, असे दोन भाग त्यात नाहीतच.

तीन, चुना. सिमेंट कडक असतं, तडा गेला की गेला. चुना मऊ असतो, थोडा हलतो. पाणी झिरपलं तर थोडा विरघळतो आणि बारीक भेगेत पुन्हा बसतो. तुमच्या वडिलांच्या तळहाताला जी थरथर लागली, ती 400 वर्षं त्या भिंतीने पावसाळ्यागणिक सोसलीय. भिंत जरा लवते म्हणून उभी आहे.

आता बोचणारं बोलतो. हिरवळ मला पटलेली नाही. लॉनला उन्हाळाभर पाणी लागतं. तटाच्या पायथ्याशी रोज पाणी मारलं की ते दगडात चढतं. त्यात कुठे दगडांचे सांधे सिमेंटने भरले असतील तर ओल बाहेर पडायला वाट राहत नाही. मग क्षार साचतात आणि दगडाचा पापुद्रा सुटायला लागतो. मी वाड्यांमध्ये हे डोळ्यांनी पाहिलंय. आणि कापलेली हिरवळ ही इंग्रजांच्या बंगल्यांबरोबर आपल्याकडे आली. दख्खनी बागेत फळझाडं, सुवासाची फुलं आणि पाण्याचे पाट असायचे. डाळिंब, अंजीर, मोगरा. त्या मातीत लॉन म्हणजे पैठणीवर बूट.

सोनपावली

दगडचुना, फार फार आभार. सांडव्याचं आज पहिल्यांदा नीट समजलं. बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, साच्याचंही, म्हणजे मागाचंही तसंच असायचं, घट्ट बोल्ट केला की पाया फुटायचा.

हिरवळीबद्दल तुमचं म्हणणं पटतंय. तरीही माझ्या आईचं काय? ती वाट सपाट झाली नसती तर ती आजही दारातच बसली असती. 65 वर्षांच्या आयुष्यात तिने बंधारा पहिल्यांदा पाहिला. मला हे सोडून देता येत नाही.

दगडचुना

वाटेबद्दल माझी तक्रारच नाही, ताई. वाट हवीच, गाडी हवीच, बसायला सावली हवीच. मी फक्त गवताबद्दल बोलतोय. तुमच्या आईने चादर अंथरली ती लिंबाखाली, लॉनच्या मधोमध नाही. तेवढं माझ्या बाजूचं धरा.

सोनपावली

धरलं. अगदी खरंय. ऊन असं होतं की मधोमध कुणीच बसलेलं नव्हतं. सगळी गर्दी पाच-सहा लिंबांखाली.

बोरीकाठ

यावर गावातलं बोलतो. 2014 च्या आधी काय होतं ते आम्ही जगलोय. राज्य संरक्षित स्मारक अशी पाटी होती आणि आत रान. गुरं चरायची, संध्याकाळी बायामाणसांनी आत जायची सोय नव्हती. मग सरकारच्या संगोपन योजनेतून खासगी सहभागाने साफसफाई झाली, बाग झाली, दिवे आले. गावातल्या पोरांना काम मिळालं. चहाच्या टपऱ्या उभ्या राहिल्या. माझ्या भावजयीचं धपाट्यांचं दुकान त्यावरच चालतं. म्हणून लॉन नको म्हणणाऱ्यांना आमच्याकडे लोक लगेच रागावतात. राग लॉनपायी येत नाही, परत रान होईल ही भीती असते.

पण दगडचुना यांचा मुद्दा बरोबर आहे, विशेषतः पाण्याचा. उन्हाळ्यात गावाला नळाला पाणी कधी येतं हे आम्हालाच माहीत. त्या दिवसांत गवताला पाईप लावलेला बघवत नाही. लिंब, चिंच, डाळिंब लावली तर आमचा कुणाचा विरोध असणार नाही.

तुळजापूर वेस

उशिरा येतोय. जुनी वही यांनी 1613 सांगितलं, मी 1948 सांगतो, कारण आमच्या घरात नळदुर्ग म्हणजे तेच. माझी आजी सांगायची, सोलापूर इंग्रजांचं आणि नळदुर्ग निजामाचं. मधे करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका. लग्नाचं लुगडं नेलं तरी सोडून बघायचे. 13 सप्टेंबर 1948 ला निजामाच्या हैदराबादवर भारताची पोलीस कारवाई सुरू झाली तेव्हा फौजेची मुख्य फळी सोलापूरहून याच रस्त्याने गेली, आणि पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतलं. त्या दिवशी नळदुर्गजवळ शीख पलटणीतले बचित्तर सिंग लढताना पडले. त्यांना मरणोत्तर अशोक चक्र मिळालं, ते मिळवणारे ते पहिले. किल्ल्यात जाताना निदान एवढं तरी मुलांना सांगावं. आजी म्हणायची, पहाटेपासून गाड्यांची रांग वेशीतून जात होती आणि बाया पाण्याच्या घागरी घेऊन रस्त्याला उभ्या होत्या.

निशिगंध

हे अजिबात माहीत नव्हतं. मुलांना नक्की सांगणार.

जुनी वही

तुळजापूर वेस, फार मोलाची आठवण. आजीचं बोलणं लिहून ठेवलंय ना कुठे? नसेल तर आजच लिहा.

घर म्हणून या किल्ल्याकडे बघायचं तर आणखी एक दुवा. 1853 मध्ये निजामाने वऱ्हाड आणि रायचूर दुआबाबरोबर हा मुलूखही कंपनीच्या कारभारात दिला. 1860 ला तो परत निजामाकडे गेला. मधल्या काळात मेडोज टेलर हा अधिकारी इथला कारभार बघायचा आणि किल्ल्यातच राहायचा. म्हणजे आदिलशाही गेल्यावर दीड-पावणेदोनशे वर्षांनीही तिथे कुणाचा तरी संसार होता, दिवा लागत होता. आपण ओस पडलेला किल्ला म्हणून बघतो, पण तो ओस पडून फार काळ झालेला नाही.

पूर्वभाग

मग आपल्या सोलापुरातल्या इंद्रभुवनचं काय बोला की. आप्पासाहेब वारदांनी बांधलेली हवेली, आता महापालिकेचं ऑफिस. माझं लहानपण त्या समोरून शाळेला जाण्यात गेलं. भिंतीवरचे ते पुतळे, नक्षी, सगळी काळवंडली होती. आता साफ केल्यावर बघालो तर ओळखू येईना. तिथे पण कुणी बसत नाही. दाखला काढायला जातो आणि वर न बघता परत येतो.

दगडचुना

इंद्रभुवनचं उदाहरण चांगलं काढलंत. जी इमारत वापरात असते ती वाचते, असा माझा अनुभव. छप्पर गळायला लागलं की त्याच दिवशी कुणीतरी ओरडतं. बंद इमारतीत ते दहा वर्षांनी कळतं. पाणी महालाला ऑफिस करता येणार नाही हे खरं. मग त्याचा वापर कोणता? सोनपावली म्हणतात तोच, बसणं. रोज दहा माणसं शांत बसून गेली तर भेग कुणालातरी दिसेल. रील काढणाऱ्याचं लक्ष भिंतीकडे नसतं.

माळरान

मी शिक्षक आहे, तालुक्याच्या शाळेत. हा धागा वाचून शनिवारी आठवीची 38 मुलं घेऊन गेलो. आधी वर्गात सांगितलं होतं, महालात दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही, फक्त भिंतीला हात लावून बसायचं. मला वाटलं दोन मिनिटंही टिकणार नाहीत. दहाची पंधरा झाली. नऊ-दहा जणांच्या चार तुकड्या केल्या, त्यामुळे वेळ भरपूर गेला, पण घाई नको होती.

सोमवारी लिहायला दिलं. एका मुलीने लिहिलंय की भिंतीला ताप आल्यावर अंग कसं कापतं तसं कापत होतं. एकाने विचारलंय की पाण्याला नर आणि मादी कोण म्हणालं आणि कशावरून ओळखलं. मला उत्तर देता आलं नाही. कुणाला माहीत असेल तर सांगा.

बोरीकाठ

सर, गावात म्हणतात ते सांगतो. एक धार जाड आणि सरळ कोसळते, दुसरी पसरून, मऊ उतरते. त्यावरून. म्हातारी माणसं अशीच ओळखतात. लिखित पुरावा माझ्याकडे नाही, पण पुढच्या वेळी मुलांना दोन्ही धारांसमोर उभं करून विचारा कुठली कोण. लहान पोरंही बरोबर सांगतात.

सोनपावली

माळरान सर, त्या मुलीचं वाक्य बाबांना मोठ्या अक्षरात लिहून दाखवलं. त्यांनी कागद ठेवून घेतलाय. पाकिटात, मिलच्या पासाशेजारी.

बाबांची एक दुरुस्ती आहे, ती सांगितल्याशिवाय जेवणार नाही म्हणतात. सायकलवाले सहा नव्हते, सात होते. सातव्याची सायकल बोरामणीजवळ पंक्चर झाली. त्याने ती एका शेतकऱ्याच्या गोठ्यात ठेवली आणि पुढे डबलसीट आला. येताना शेतकऱ्याने सायकल पुसून, पंक्चर काढून ठेवली होती आणि पैसे घेतले नाहीत. पाऊस पडलाय, म्हणाला.

बोरीकाठ

सोनपावली, कालपासून वर चांगला पाऊस आहे. आज सकाळी बघून आलो. परवा धार बारीक झाली होती, आता दोन्ही पुन्हा भरून वाहतायत. पाणी गढूळ आहे, पण जोर तुम्ही आला होतात त्यापेक्षा जास्त. महाल दुपारपर्यंत उघडतील असं तिथला माणूस म्हणाला. पूर्वभागची पोरंही निघालीत, मला फोन आला होता.

सोनपावली

वाचला निरोप. बाबांना सांगायला गेले तर ते कान न लावताच दारात उभे आहेत, पायात चपला घालून. आई म्हणते तिला या वेळी निदान चार पायऱ्या उतरून बघायच्यात. बूट शोधतोय तिचे. निघतो.